मालकाच्या हातची बाटली

माझ्या भावाला सगळी गल्ली मालक म्हणायची. मालकी कसली डोंबलाची! दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला पोट आत ओढून घ्यावं लागेल, एवढं ते किराणा दुकान. पण म्हणायचे. आणि त्याला ते आवडायचं, हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून सांगते. वरवर "अहो, मी कसला मालक" म्हणायचा, आणि पुन्हा कोणी म्हणतंय का म्हणून कान टवकारून बसायचा.

त्याच्याबद्दल लोक दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे त्यानं शेवटी शेवटी स्वतःच्या पोराचं दुकान बुडवलं. दुसरी म्हणजे त्यानं ते मुद्दाम केलं. पहिलीवर मी वाद घालत नाही, झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. दुसरी मात्र जो कोणी बोलेल त्याला माझ्यासमोर आणून उभा करा. मला गोड बोलता येत नाही आणि या वयात ते शिकायची इच्छाही नाही. पण जे झालं ते मी पहिल्यापासून पाहिलंय.

दादा उभ्यानं जगलेला माणूस. सकाळी शटर वर केलं की गल्ल्याच्या मागे उभा, ते रात्री शटर खाली येईपर्यंत. वहिनी गेली तेव्हा पोरगा लहान होता. तो शाळेतून आला की दुकानातच, तांदळाच्या पोत्यांवर झोपायचा, साखरेच्या डब्याला टेकून अभ्यास करायचा. त्याला वजन करायला दादानं शिकवलं, पुडी बांधायला दादानं शिकवलं. बापलेकांचं जमायचंही छान. एकाच्या मनातलं दुसऱ्याला न सांगता कळायचं. मी मागच्या गल्लीत राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मग दिवसातून एकदा तरी माझी फेरी दुकानात असायचीच. दादा म्हणायचा, "आली धाकटी. आता दुकानातल्या साखरेला मुंग्या लागणार नाहीत, तिखट आलंय."

वाइनचं प्रकरण आलं ते त्याच्या उतारवयात. आमच्या गावाबाहेरच्या टेकड्यांवर द्राक्षांचे मळे आहेत आणि तिथंच वाइन करतात. पण दारूच्या दुकानांत परदेशी बाटली दर्शनी कप्प्यात आणि इथली खाली कुठंतरी धूळ खात. मळेवाले रडकुंडीला आले. तेव्हा सरकारनं नियम काढला की किराणा दुकानातही वाइन विकता येईल, पण फक्त इथली. बाहेरची नाही. आणि पोराटोरांच्या, नोकरांच्या हातून विक्री होऊ नये म्हणून एक अट घातली. परवाना दुकानाच्या मालकाच्या नावावर मिळेल, विक्रीच्या वेळी मालक दुकानात हजर पाहिजे, आणि कपाटातली बाटली मालकानं स्वतःच्या हातानं गिऱ्हाइकाच्या हातात दिली पाहिजे.

दुसऱ्या कोणाला ही कटकट वाटली असती. आमच्या मालकांना मूठभर मांस चढलं. सरकारनंच लिहून दिलं होतं ना, मालकाचा हात! त्यानं गल्ल्याच्या डाव्या अंगाला काचेच्या दाराचं कपाट करून घेतलं, त्याची किल्ली कमरेला बांधली. तांदळाशेजारी दारू ठेवली म्हणून दोन घरं रुसली, महिन्याभरानं गुपचूप परत आली. तो स्वतः प्यायचा नाही. मळ्यावर एकदा चाखायला दिली तर परत येऊन मला म्हणाला, "फडकं पिळून प्यायल्यासारखं लागलं गं. पण लोकांना आवडतं तर आपलं काय जातं?" कोणी विचारलं, "मालक, चिकनबरोबर कुठली चांगली?" तर गंभीर तोंड करून म्हणायचा, "जी परवडेल ती."

पण बाटली द्यायची त्याची एक पद्धत होती. कपाट उघडायचा, मानेला धरून बाटली काढायचा, फडक्यानं पुसायचा, नाव गिऱ्हाइकाकडे येईल अशी फिरवून हातात ठेवायचा. दारूच्या दुकानाची पायरी ज्या कधी चढल्या नसत्या अशा बायका त्याच्याकडे यायच्या. शाळेतल्या मोठ्या बाई साबण, चहापत्ती आणि एक बाटली न्यायच्या. त्यांची बाटली तो न बोलता पिशवीच्या तळाशी घालायचा, वर पीठ ठेवायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "आणखी काही देऊ?" मळेवाला म्हातारा दर आठवड्याला आपल्याच गाडीतून पेट्या घेऊन यायचा आणि दोघं गल्ल्यावर चहा पीत तासभर पावसापाण्याचं बोलायचे. त्यांची दोस्ती झाली होती.

मग चौकात ते मोठं दुकान आलं. सरकणारी काचेची दारं, थंडगार हवा, ढकलायच्या गाड्या. तेल, साबण, तांदूळ, सगळं गिऱ्हाईक तिकडे वाहून गेलं. राहिली फक्त वाइन. कारण त्या मोठ्या दुकानाला मालकच नव्हता, असायचे ते सगळे पगारी. मग बाटली देणार कोणाच्या हातानं? म्हणून लोक वाइनसाठी आमच्याकडे यायचे आणि आलेच आहेत तर डाळ, काडेपेटी घेऊन जायचे. एवढ्यावर दुकान तरून होतं. हे बाप आणि लेक दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पुढे नियम थोडा सैल झाला. ज्या किराणा दुकानांकडे परवाना आहे त्यांना परदेशी वाइनही ठेवता येईल. भाच्याला आनंद झाला. गिऱ्हाईक रोज विचारतच होतं. पण दादा अडून बसला. "त्या म्हाताऱ्यानं आपल्याला उभं केलं आणि आता त्याच्या बाटल्या खाली सरकवू? माझ्या हातून बाहेरची बाटली जायची नाही."

भाचा म्हणाला, "बाबा, लोकांना जे हवं ते ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

दादाचं डोकं फिरलं. आमच्या घराण्यात ते पटकन फिरतं. भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक असताना ओरडला, "फोडीन, पण हातानं देणार नाही." अर्ध्या गल्लीनं ऐकलं. संतापात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, मी तर रोज बोलते. पण तेवढं एक वाक्य लोकांनी जपून ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला झटका आला. साखरेचा आजार जुनाच होता. सकाळी शटर उघडताना कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून आला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता. "घरी." चहा हवा का? घरी. पाय दुखतोय का? घरी. डॉक्टर म्हणाले, कधी कधी एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो, दर वेळी अर्थ असतोच असं नाही. असेल. पण मी सांगते, घरच्या खिडकीजवळच्या पलंगावर टेकवला की तो तो शब्द म्हणायचा नाही. डोळे मिटून गप्प पडायचा. दुकानात नेला की पुन्हा सुरू.

हो, दुकानात. तिथंच तर सगळं अडलं. परवाना त्याच्या नावावर. परवाने देणाऱ्या सरकारी खात्यानं नवे परवाने देणं बंद केलं होतं, पोराच्या नावावर होत नव्हता. मालक हजर नसेल तर वाइन बंद, वाइन बंद तर दुकान बंद. म्हणून भाचा रोज सकाळी त्याला न्हाऊ-माखू घालायचा, पाठुंगळी घेऊन जिना उतरायचा, चाकाच्या खुर्चीतून दुकानात न्यायचा आणि कपाटाशेजारच्या हातांच्या खुर्चीत बसवायचा. पुढे कलंडू नये म्हणून कमरेभोवती चादरीची घडी बांधायचा. दिवसभर माझा भाऊ तिथं बसायचा. उन्हाळ्यात घामानं भिजायचा, माश्या उडवायला डावा हात तेवढा हलायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय मालक, बरं आहे ना?" तो म्हणायचा, "घरी."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी भाच्याला म्हटलं, "अरे, देव्हाऱ्यातला देव आहे का तो, मांडून ठेवायला? त्याला निजू दे घरी."

"आत्या, मला आवडतं का हे?" तो म्हणाला. "त्यांना घरी ठेवलं तर दुकान जाईल. मग औषधं कुठून आणू? तू सांग, मी करतो."

भाचा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दिवसभर त्याची नजर बापाकडे असायची. चहात बुडवलेलं बिस्कीट तो आपल्या हातानं भरवायचा, हनुवटी पुसायचा. माणूस दोन्हीकडून पिळवटत होता. पण माझा भाऊ घरी जायचं म्हणत होता आणि त्याला कोणी घरी नेत नव्हतं, हेही तेवढंच खरं. मी रोज भांडायचे आणि रोज हरून परत यायचे.

मग कोणीतरी तक्रार केली. कोणी, ते आजवर कळलं नाही. खात्याकडून निरोप आला की परवानाधारक स्वतः विक्री करू शकतात का, हे पाहायला माणूस येईल. ऐकून भाच्याचं तोंड पांढरं पडलं. गिऱ्हाइकाच्या हातात बाटली आतापर्यंत तोच ठेवायचा. दादाचा हात नुसता बाटलीला लावून घ्यायचा.

दादाची सून, म्हणजे भाच्याची बायको, डोक्यानं तल्लख. ती म्हणाली, "बाबांचा डावा हात चांगला आहे. शिकवू या." इथल्या वाइनची एक रिकामी बाटली तिनं पाण्यानं भरली आणि कपाटाच्या मधल्या कप्प्यात, खुर्चीत बसून हात पोचेल तिथं ठेवली. मग रोज दुपारी, भाचा माल आणायला गेला की, गिऱ्हाईक नसताना ती समोर उभी राहायची. "मालक, एक द्या." पहिले काही दिवस हात कप्प्यापर्यंतच जाईना. मग गेला. मग बोटं मानेभोवती वळली. मग बाटली हवेत आली आणि परत खाली बसली. आणि एके दिवशी ती सरळ सुनेच्या हातात आली, नाव तिच्याकडे करून. दादा अर्ध्या तोंडानं हसला. सून टाळ्या वाजवायला लागली. मी साबणाच्या खोक्यावर बसले होते, माझेही डोळे भरले. त्या दिवसांत "घरी" कमी झालं होतं, हे मी मान्य करते. उभ्यानं जगलेल्या माणसाला काहीतरी काम मिळालं होतं. हळूहळू त्याला बघायचीही गरज पडेना. डोळे गिऱ्हाइकाकडे ठेवून हात नेमका त्या जागी जायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी भाच्यानं परदेशी वाइनच्या पेट्या मागवल्या. आता नाही म्हणायला दादाला तोंड नव्हतं. भाच्याचा हिशोब सरळ होता, तपासणी पार पडली की दुसऱ्या दिवसापासून माल खपायला लागेल. त्यानं पेट्या फोडल्या, कपाट लावलं. आणि जन्मभर जे शिकला तेच केलं. महाग माल मधल्या कप्प्यात, डोळ्यांसमोर, हाताशी. स्वस्त खाली. दुकानदाराचा हात दुसरं काही करूच शकत नाही. इथल्या बाटल्या खालच्या कप्प्यात गेल्या आणि मधल्या कप्प्यात त्या बाहेरच्या, जाड काचेच्या, रुंद खांद्यांच्या, बुडाला वाटीएवढी खोलगट काच असलेल्या जड बाटल्या उभ्या राहिल्या. मी तिथं होते, सून तिथं होती. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तपासणीला एक बाई आल्या. तरुण होत्या, बोलायला सभ्य. त्यांनी वाकून दादाला नमस्कार केला. "आजोबा, मला एक बाटली द्याल का? कुठलीही चालेल."

दादानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डावा हात कपाटात गेला, नेहमीच्या जागी, नेहमीच्या सफाईनं. बोटं वळली. बाटली बाहेर आली, हवेत आली, आणि त्याचं मनगट वाकलं. त्या बाटलीचं वजनच त्याच्या हाताला ओळखीचं नव्हतं. ती सुटली, खाली गेली, कपाटाच्या दगडी पायथ्यावर आपटली आणि फुटली. लाल लोंढा थेट तांदळाच्या पोत्यांपर्यंत गेला. बाईंच्या साडीवर, दादाच्या पायांवर, सगळीकडे तेच.

मग दादा म्हणाला, "घरी."

बाईंना वाईट वाटलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्या हातात बळ नाही. यांना इथं असं बसवणंही बरं नाही. मला परवाना चालू ठेवता येणार नाही." साडीवरचे डाग न पुसताच गेल्या.

भाचा काचांमध्ये उभा होता. बापाकडे बघत होता. मग अगदी शांतपणे म्हणाला, "फोडीन म्हणाले होते. फोडली." आणि बाहेर निघून गेला.

त्या दिवशी माझ्या भावाला घरी मिळालं. खिडकीजवळचा पलंग, उशी, पंखा, सगळं. पुन्हा कधी कोणी त्याला दुकानात नेलं नाही. मी संध्याकाळी त्याचे पाय पुसायला बसले. वाइननं भिजून मोजे कडक झाले होते. डावा मोजा ओढला तर अंगठा निळाजांभळा, सुजून टम्म, नख उचकटलेलं. मोज्यावर वाइन होती तसं रक्तही होतं, पण लालात लाल कोणाला दिसणार? साखरेमुळे त्याच्या पायांना दुखणं फारसं कळायचंही नाही.

मी तो अंगठा हातात धरला आणि मला सगळं लख्ख कळलं. आमच्या दुकानात वाढलेला कोणीही हे करतो. बरणी गल्ल्यावरून निसटली की हात पोचणार नसतो, म्हणून पाय पुढे जातो. पायावर पडू दे, फरशीवर नको. वडील करायचे, दादा करायचा, लग्न होईपर्यंत मीही केलंय. बाटली आधी त्याच्या अंगठ्यावर पडली आणि मग दगडावर. ज्याला फोडायची असते तो खाली पाय घालतो का? ज्या बाटलीला त्यानं आयुष्यात हात लावायचा नाही म्हटलं होतं, ती वाचवायला माझ्या भावानं आपल्या धडक्या पायाचा अंगठा दिला होता.

मी तशीच उठले आणि भाच्यापुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. "ये आणि बघ त्याचा पाय."

"खुर्चीतून आणताना लागलं असेल कुठंतरी," तो म्हणाला.

"मी खोटं बोलते का?"

"तू त्यांची बहीण आहेस, आत्या. तू त्यांचीच बाजू घेणार." त्यानं तोंड फिरवलं. "त्यांना घरी पाहिजे होतं ना? मिळालं. मला आता काही बघायचं नाही."

आणि तो त्या खोलीत जाईनासा झाला. पूर्वी आपल्या हातानं आंघोळ घालणारा पोरगा आता दारातून सुनेला विचारायचा, "जेवले का?" आणि उत्तर ऐकून पुढे जायचा. जणू बाप परगावी असतो. जिन्यावर त्याची पावलं वाजली की दादाचे डोळे दाराकडे जायचे. पावलं पुढे गेली की परत खिडकीकडे. "घरी" म्हणायचंही त्यानं सोडून दिलं. आता तो काहीच बोलायचा नाही. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता, तरी तो शब्द पुन्हा ऐकायला मिळावा असं वाटायला लागलं.

अंगठा बरा होईना. सून मलम लावत होती, मी डॉक्टरांना घरी घेऊन आले. ते म्हणाले, साखरेचा पाय आहे, काळा पडायला लागलाय, आजच्या आज हॉस्पिटलात न्या. मी निरोप दिला. भाचा दुकानातला उरलासुरला माल मोठ्या दुकानाच्या भावात काढायला बसला होता. म्हणाला, "उद्या नेतो." उद्याचा परवा झाला. ताप चढला तेव्हा मी गल्लीत उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग आला. बापाला पाठुंगळी घेतलं, जिना उतरला, गाडीत घातलं.

आधी अंगठा कापला, मग पाऊल. पण विष रक्तात गेलं होतं. भाचा बाहेरच्या बाकावर बसून असायचा, औषधं आणून द्यायचा, आत यायचा नाही. शेवटच्या दुपारी मी त्याला दंडाला धरून आत ओढलं. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. दादानं डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि डावा हात उचलला. बोटं बाटलीच्या मानेभोवती वळावीत तशी वळली, आणि तो रिकामा हात त्यानं पोराच्या दिशेनं पुढे केला, धरून ठेवला. मला त्या दुपारच्या शिकवण्या आठवल्या. भाचा त्या वेळी कधीच तिथं नसायचा, माल आणायला गेलेला असायचा. त्यानं नुसतं पाहिलं आणि नर्सला म्हणाला, "यांना पाणी हवंय वाटतं." आणि बाहेर गेला. हात खाली मी घेतला. संध्याकाळी दादा गेला.

त्या वर्षातच खात्यानं नियम बदलला. आता कुठल्याही किराणा दुकानात, इथली असो की बाहेरची, वाइन विकता येते. मालक हजर नको, मालकाचा हात नको. ती बातमी ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. चौकातल्या मोठ्या दुकानात वाइनची एक आख्खी रांग लागली. भाच्यानंही उधार-उसनवार करून दुकान पुन्हा उभं केलं, कपाट भरलं, तीच बाहेरची जड बाटली मधल्या कप्प्यात. खप बेताचाच. मळेवाला म्हातारा एकदा येऊन दुकानाबाहेर उभा राहिला आणि तसाच परत गेला. मी मात्र जात राहिले. भाचा माझ्याशी कामापुरतं बोलायचा, मीही तेवढंच. पण तेवढं एकच माणूस मला उरलंय, टाकून कुठं जाणार?

परवाची गोष्ट. दुपारी एक बाई आल्या, बाहेरचीच बाटली मागितली. भाच्यानं काढली, गल्ल्यावर ठेवली आणि पिशवी घ्यायला वळला. त्याच्या कोपराचा धक्का लागला. बाटली कडेवरून गेली. मी साबणाच्या खोक्यावर बसून सगळं बघत होते. त्याचा पाय पुढे गेला. बाटली धप्पकन त्याच्या पावलावर पडली, गडगडत पोत्याला लागून थांबली. फुटली नाही.

"वाचली बाई," गिऱ्हाईक म्हणालं.

भाचा हलला नाही. दुखलं असणार, ओठ पांढरे पडले होते. पण तो पायाकडे बघत होता, परक्या कोणाचा पाय असावा तसा. मग मला म्हणाला, "आत्या, मी काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप गेला."

मी म्हटलं, "हो."

"बाबांचा कुठला होता?"

"डावा."

त्याचाही डावाच होता. तो गल्ल्यामागे खाली बसला, फरशीवर, आणि दोन्ही हातांनी ते पाऊल धरून रडायला लागला. इतके दिवस मी मनात म्हणत होते, एकदा याला कळू दे, मग माझा जीव थंड होईल. नाही झाला. बापाला ओळखायला त्याला उशीर झाला होता आणि मी त्याला ते सांगितलेलं असूनही उपयोग झाला नव्हता. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, पण बाई समोर ताटकळत उभ्या होत्या. मी उठले, बाटली उचलली, फडक्यानं पुसली आणि त्यांच्या पिशवीत घातली.